पेन न उचलता

"पेन उचललं की बाद!" शेवडे बाई ओरडल्या आणि सातवी ब मधल्या आम्ही बेचाळीस जणांनी एकदम श्वास रोखला. जणू काही पाण्याखालीच बसवलं होतं आम्हाला.

समोर टेबलावर बाईंच्या पायातली चप्पल होती. खरीखुरी, घामाची, अंगठा तुटून खिळा मारलेली. वर्गात खसखस पिकली. तोपर्यंत आमची चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि कोपऱ्यात एक नारळाचं झाड. चप्पल कोण काढतं?

"डोळे चपलेवर. कागदाकडे बघायचं नाही. पेन एकदा टेकलं की चप्पल संपेपर्यंत सुटायचं नाही. एकच सलग रेष. खोडरबर दप्तरात."

"बाई, चुकलं तर?"

"चुकलेलं पण राहू दे. आणि चप्पल कशी असते ते मला दाखवू नका, ते मला माहितीये. ही चप्पल कशी आहे ते दाखवा. जे माहीत आहे ते नाही काढायचं. जे दिसतंय ते."

मी काढली. जीभ बाहेर, मान वाकडी, डोळ्यांतून पाणी. कागदावर चप्पल कमी आणि सुकलेला बोंबील जास्त दिसत होता. पण बाई फिरत फिरत आल्या आणि माझा कागदच उचलून वर धरला.

"हे बघा! बेचाळीस जणांत खिळा एकीनेच काढलाय. नाव काय गं तुझं?"

"प्रांजल."

"प्रांजल, तुला दिसतं."

झालं. त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, तरंगत आले. तुम्हाला वाटेल एवढं काय त्यात? तर आमचं घर माहीत असायला हवं. पेणजवळच्या आमच्या गावात आमचा गणपतीचा कारखाना आहे. घरात जो तो कलाकार. बाबा साचे बघतात, कारागीर माती भरतात, रंगारी रंगवतात आणि या सगळ्यांच्या वर आप्पा. आप्पा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते फक्त डोळे आखायचे. मूर्ती दहा कारखान्यांत मिळतात, पण ठाण्याहून, नाशकाहून माणसं आमच्याकडे यायची ती आप्पांच्या डोळ्यांसाठी. "आप्पांचा गणपती आपल्याकडे बघतो," असं म्हणायची. वरच्या पापणीची रेष ते एका दमात मारायचे. ब्रश या कोपऱ्याला टेकला की त्या कोपऱ्यापर्यंत उठायचा नाही, आणि तोवर आप्पा श्वास घ्यायचे नाहीत.

आणि अशा घरात मी. पाचवीत एकदा मी गणपती काढून आप्पांना दाखवायला नेला. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि सगळ्या कारागिरांसमोर विचारलं, "हा उंदीर आहे ना? मग शेपूट कुठाय?" कारखाना हसला. माझ्या हातात पॉलिश पेपर दिला गेला. तेव्हापासून मी मूर्तीचे कान घासत होते.

तर आता मला दिसत होतं! आठवडाभर मी दिसेल ते काढत सुटले. तांब्या, मांजर, बाबांचे झोपेतले पाय. सगळं एका रेषेत. आणि मग बाईंनी सांगितलं, "गुरुपौर्णिमेला आपलं प्रदर्शन. विषय, घरातलं कामात असलेलं माणूस. सलग रेष, समोर बघून. पहिलं येईल ते चित्र फ्रेम होऊन शाळेच्या हॉलमध्ये कायमचं लागणार. आणि उद्घाटनाला कोण येतंय माहितीये? प्रांजलचे आप्पा."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी तेव्हाच ठरवलं. आप्पांच्या समोर आप्पांचंच चित्र. डोळे आखताना. मग म्हणा उंदीर.

अडचण एकच होती, ती म्हणजे दार.

पूर्वी आप्पा सगळ्यांच्या देखत डोळे आखायचे. मी लहान असताना मांडीला मांडी लावून बघितलंय. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी मागच्या खोलीत बसायला सुरुवात केली आणि दार लावून घेतलं. "देव डोळे उघडतो तेव्हा समोर गर्दी नको," म्हणाले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गिऱ्हाइकांना ते फार आवडलं. दुपारी दोन तास दार बंद. आत फक्त आप्पा, रंगून सुकलेल्या मूर्ती आणि बॅटरी धरायला कुंदाकाकी.

कुंदाकाकी म्हणजे आप्पांची बायको. तिच्याबद्दल काय सांगू? घरात सगळ्यात जास्त मारली जाणारी हाक म्हणजे तिचं नाव. कुंदा, चहा टाक. वहिनी, माझा टॉवेल. काकी, डबा. ती "आले गो, आले" करत या टोकाकडून त्या टोकाला. बारा माणसांचं घर, आठ कारागीर. दुपारचे ते दोन तास मात्र तिला हाक मारायची कुणाची टाप नव्हती, कारण ती आप्पांच्या कामात असायची.

मागच्या खोलीला परसाच्या बाजूने खिडकी आहे. एक फळी तुटलेली. खाली शाडूची पोती रचलेली. मी पोत्यांवर चढले, वही गुडघ्यावर ठेवली आणि आत बघितलं.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर काळ्या रंगाची वाटी. दोन्ही हातांनी धरली होती. वाटीतला रंग सारखा हलत होता. वारा नव्हता. आप्पांचे हात हलत होते.

आणि त्यांच्यासमोर पाटावर काकी. डाव्या हाताने मूर्तीची हनुवटी धरलेली, जशी ती आमची वेणी घालताना धरते. उजव्या हातात ब्रश.

"कोपऱ्यात जरा थांब," आप्पा हळूच म्हणाले. "श्वास धर... हां..."

"तुम्ही नका हो बोलू. हात हलतो माझा."

आणि आप्पा गप्प बसले! ज्यांच्यासमोर बाबासुद्धा आवाज चढवत नाहीत, ते आप्पा तोंडावर बोट ठेवून गप्प. काकीने रेष मारली. एका दमात. तिचा हात असा गेला, जसं दुधावरून सायीचं टोक उचलावं. मग तिने श्वास सोडला आणि मान तिरकी करून बघितलं.

"हा जरा रागीट झालाय का हो?"

"तुझ्यावर गेलाय."

"माझ्यावर? सकाळी मीठ कमी पडलं तेव्हा कुणाचे डोळे वटारले होते? हा तुमच्यावर गेलाय."

आणि दोघं हसायला लागली. तोंड दाबून, शाळेतल्या मुलांसारखी. आप्पांची वाटी हिंदकळली, काकीने पदराने त्यांची मांडी पुसली. मी या दोघांना त्याआधी कधी एकमेकांशी बोलताना ऐकलं नव्हतं. "जेवण झालं का" आणि "झालं" एवढंच.

मी पेन टेकवलं.

आप्पांच्या टोपीपासून सुरू केलं. कपाळ, नाक, खाली पडलेला ओठ, खांदा, कोपर. मग हात. हात थांबतच नव्हता, म्हणून रेषही थांबली नाही. बोटं मी तीनतीनदा काढली, जशी दिसत होती तशी, एकावर एक. वाटीच्या काठावरून रेष पुढे गेली. वाटीत काकी ब्रश बुडवत होती. मग ब्रश, ब्रशवरून काकीची बोटं, मनगट, दोन हिरव्या बांगड्या, खांदा, अंबाडा, कपाळ, पुन्हा खाली डाव्या हातावरून मूर्तीची हनुवटी, सोंड, गाल आणि शेवटी डोळा. बुबुळात रेष गोल फिरली आणि थांबली.

मध्येच एकदा काकीने मान वर करून खिडकीकडे बघितलं होतं. मग तिचा ब्रश परत चालायला लागला.

गुरुपौर्णिमेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. आप्पा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. त्या दिवशी मुंबईचे खोपकर शेठ गाडी भरायला आले होते, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आप्पांनी त्यांनाही हौसेने बरोबर आणलं. मागे बाबा, कारागीर, अर्धं गाव. काकी आली नव्हती. बारा माणसांचा स्वयंपाक कोण करणार?

पहिल्या आलेल्या चित्रावर बाईंनी लाल कापड टाकलं होतं. आप्पांच्या हातून ते ओढायचं होतं. मी बाजूला उभी, पायाच्या चवड्यांवर.

"आणि हे चित्र," बाई माइकवर म्हणाल्या, "आपल्याच पाहुण्यांच्या घरचं आहे!"

आप्पांनी कापड ओढलं. टाळ्या पडल्या. आप्पांनी चित्र लांबून बघितलं, मग जवळ जाऊन बघितलं.

बाई मात्र फुलून गेल्या होत्या. "बघा हं, संपूर्ण चित्रात पेन एकदाही उचललेलं नाही. माझ्या बोटाबरोबर या." आणि त्या बोट फिरवायला लागल्या. "ही टोपी. हे आप्पा. हा त्यांचा हात, बघा किती जिवंत, अगदी थरथरतोय. ही वाटी. आणि हा ब्रश, आणि ब्रश धरलेला हा..."

बाईंचं बोट बांगड्यांवर थांबलं.

मागून कुणीतरी खोकलं.

"आप्पा," खोपकर शेठ पुढे येत म्हणाले, "ब्रश वहिनींच्या हातात कसा?"

आप्पा हसले. मोठ्याने हसले. "अहो, पोरीची कल्पना आहे. लहान आहे. काकीवर जीव आहे तिचा, दिला तिच्या हातात ब्रश."

लोकही हसले. झालं होतं. संपलं होतं. शेठ मागे वळलेसुद्धा.

"कल्पना नाहीये!" मी म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, ओरडले. "बघून काढलंय मी! खिडकीतून. बाईंनी सांगितलंय, दिसतं तेच काढायचं. विचारा बाईंना!"

आप्पांच्या हातात शाळेने दिलेलं मानपत्र होतं. ते वाजत होतं. फडफड, फडफड. सगळे आधी चित्रातल्या हाताकडे बघायचे आणि मग त्या मानपत्राकडे.

शेठना त्याचं काहीच वाटलं नाही, ही गंमत. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डोळे चांगले आहेत ना, बास. आप्पांचे काय नि वहिनींचे काय." आणि गाडी भरून गेले. एकही मूर्ती परत आली नाही. तुम्हाला वाटत असेल आमचा कारखाना बुडाला, तर नाही. माणसं तशी वाईट नव्हती. फक्त थट्टेखोर होती. चहाच्या टपरीवर आप्पांना कुणी म्हणालं, "आप्पा, कप तरी स्वतः धरता ना, की वहिनींना बोलावू?" दुसरा म्हणाला, "बॅटरी कोण धरत होतं मग, तुम्ही?"

त्याच दिवशी संध्याकाळी आप्पांनी मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. मिटू नये म्हणून खालून दगड लावला.

"बघू दे सगळ्यांना," म्हणाले.

सगळे जमले. आप्पा पाटावर बसले. काकी चहाचा कप घेऊन दारात उभी. आप्पांनी ब्रश बुडवला, श्वास धरला आणि रेष मारली. पापणी अर्ध्यावर फाटली आणि काळं गालावर उतरलं, रडून काजळ उतरतं तसं. त्यांनी ती मूर्ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली. मग तिसरी. सातव्या मूर्तीला बाबा म्हणाले, "आप्पा, राहू द्या आता."

काकी एक पाऊल आत आली. "द्या इकडे," एवढंच म्हणाली, अगदी हळू.

"तू चहा ठेव आणि जा," आप्पा म्हणाले.

चौथ्या दिवशी वडखळहून एक कारागीर आला. चांगला आहे, अजूनही तोच आहे. एकसारखे डोळे आखतो, भराभर. फक्त त्याचे गणपती आपल्याकडे बघत नाहीत, आपल्या डोक्यावरून पलीकडे बघतात. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात येत नाही. मला येतं. मला दिसतं ना!

काकीला मूर्ती कागदात गुंडाळायला बसवलं. दुपारी, त्याच दोन तासांत. आता तिला कुणीही हाक मारू शकत होतं.

मी पंधरा दिवस तिच्यासमोर गेले नाही. मग एकदा ती परसात जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, निवडत बसली होती, तेव्हा जाऊन बसले. मी भाषण पाठ करून गेले होते.

"काकी, मी तुझ्यासाठीच केलं गं. डोळे तू काढतेस आणि नाव आप्पांचं, हे बरोबर आहे का? लोकांना कळायला नको?"

काकी जवळ्यातला कचरा वेचत राहिली. बारीक, केसासारखा. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"कळलं ना लोकांना?" ती म्हणाली.

"हो."

"मग काय दिलं गो त्यांनी मला?"

मी सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

"लग्न होऊन आले तेव्हा मला रांगोळीशिवाय काही येत नव्हतं. यांचा हात हलायला लागला तेव्हा रात्रंदिवस रडायचे. मी म्हटलं, मला शिकवा. शिकवलंन. तीन वर्षं दोन तास दार लावून बसायचो. आत मला कुणी कुंदा म्हणायचं नाही, वहिनी म्हणायचं नाही. हेसुद्धा मला विचारायचे, इथे कसं वाटतंय, तिथे कसं वाटतंय." तिने सूप पाखडलं. "आता माझ्याशी बोलत नाहीत. हात पण धरू देत नाहीत. चहा सांडला तरी एकटेच पुसतात."

"मला माहीत नव्हतं, काकी."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"एवढी सगळी रेष काढलीस. मधे एकदा पेन उचलायचं होतंस, बाय."

ती उठून आत गेली. कारण आतून कुणीतरी हाक मारली होती.

आता खरं सांगते. हे मी शेवडे बाईंना नाही सांगितलेलं, आईला पण नाही. त्या दुपारी काकीने खिडकीकडे मान वर केली, ती नुसती केली नव्हती. तिने मला बघितलं होतं. ब्रश धरलेला हात तसाच हवेत ठेवून तिने मान हलवली. एकदा, सावकाश, डावीकडून उजवीकडे. नको. त्याचा दुसरा काही अर्थ होतच नाही. माझी रेष तेव्हा आप्पांच्या हातावरून वाटीच्या काठावर आली होती. तिथेच थांबले असते तर आप्पा आणि वाटी, एवढंच चित्र झालं असतं. तेही छान झालं असतं. पण रेष इतकी सुंदर चालली होती! आयुष्यात पहिल्यांदा माझा हात माझं ऐकत होता. मी मान खाली घातली, तिला बघितलंच नाही असं केलं आणि पुढे गेले, सरळ तिच्या बोटांवर.

न्यायबिय काही नव्हतं डोक्यात. मला पहिलं यायचं होतं.

आता मी दहावीत आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आहे. जिल्ह्यात माझ्या रेषेचं नाव आहे. पुढे चित्रकलेलाच जायचं नक्की केलंय. शाळेत नवीन पाहुणे आले की हेडसर त्यांना हॉलमध्ये नेतात आणि फ्रेमपुढे उभं करतात. "सातवीतल्या मुलीने काढलंय, पेन न उचलता!" मी दोनदा ते चित्र परत मागितलं. "अगं, ते आता शाळेची शान आहे," हेडसर म्हणाले.

या दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी घरच्या, कारखान्यातल्या माणसांची वीस चित्रं काढायला सांगितली होती. एकोणीस झाली. आप्पासुद्धा बसले, डोळे मिटून, मूर्तीसारखे. राहिली काकी. तीन दिवस मी तिच्या मागेपुढे घुटमळत होते. शेवटी विचारलं.

"बसशील का गं? दहा मिनिटं."

मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणावं असंही वाटत होतं.

"बसते की," काकी म्हणाली आणि लगेच बसली. ओसरीवर, खांबाला टेकून, उजेडाकडे तोंड करून. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं. तिने पदर पुढे ओढून घेतला, दोन्ही हात त्याच्या आत नेले आणि कोपरापर्यंत झाकून घेतले. मग नीट माझ्याकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली. "काढ आता. दिसतंय तेवढंच काढ."